कुलूप लागलेल्या घराची नोंद

नववी-दहावीच्या गणितात सांख्यिकी हे प्रकरण असते. प्राथमिक सामग्री, वारंवारता सारणी, मध्य, मध्यक, बहुलक हे शब्द आपली मुले पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि सुट्टी लागली की विसरून जातात. काही शिक्षक मात्र मुलांना वर्गाबाहेर धाडतात. प्रश्नावली तुम्हीच तयार करा, वीस-तीस घरांत जा, माहिती आणा आणि तक्ता मांडा, असे सांगतात. त्यावर कित्येक पालक म्हणतात, "गणित शिकवायचं सोडून लेकरांना दारोदार कशाला हिंडवता?" माझे म्हणणे उलट आहे. आपल्या बीड जिल्ह्यातल्या लेकरांना याहून कामाचा गृहपाठ मिळणार नाही.

बाबासाहेब आकड्यांशिवाय बोलत नसत. १२ मार्च १९२७ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांचे प्रमाण मांडले. लोकसंख्येच्या दर हजारी पुढारलेल्या हिंदूंची ११९, मुसलमानांची ९२, मधल्या वर्गाची ३८ आणि मागासवर्गाची १८ मुले शाळेत होती. नुसती मुलांची बेरीज सांगितली असती तर 'तुमचीही पुष्कळ मुले शिकतात' असे म्हणून सरकारने वेळ मारून नेली असती. दर हजारी हिशेब मांडल्यावर ती पळवाट राहिली नाही. त्यानंतर आठच दिवसांनी महाडला चवदार तळ्यावर काय घडले ते आपल्याला ठाऊक आहे.

आता आपल्या वस्तीकडे वळू. मुलांनी विषय कोणता घ्यावा? आवडता खेळ, आवडती भाजी असले विषय सोपे पडतात, पण त्यातून हाती काही लागत नाही. आपल्याकडचा खरा विषय म्हणजे ऊसतोड. दिवाळी झाली की 'कोयते' गाव सोडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात हे बीडच्या माणसाला सांगायला नको. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पाच-सहा महिने फडात जातात. मागे राहतात म्हातारी माणसे, आणि नशीब चांगले असेल तर लेकरे. म्हणून विषय असा घ्यावा : मागच्या शालेय वर्षात घरातले प्रत्येक मूल किती दिवस शाळेत गेले नाही, आणि का?

इथेच पहिली अडचण येते. पाहणी डिसेंबरात केली तर अनेक दारांना कुलूप असते. मूल कुलूप बघून पुढच्या उघड्या घरात शिरते आणि आपली तीस घरे पुरी करते. तक्ता सुबक होतो, गुणही मिळतात. पण ज्यांची शाळा सर्वांत जास्त बुडते तीच मुले त्या तक्त्यात नसतात! तेव्हा प्रश्नावलीत एक रकाना कुलपाचा ठेवावा. शेजारच्या आजीला विचारावे, घरातली माणसे कधी गेली, किती गेली, लेकरे बरोबर नेली का, कोणत्या जिल्ह्यात गेली. शक्य असेल तर पाहणी दिवाळीआधीच करावी आणि फाल्गुन-चैत्रात तीच घरे पुन्हा बघावीत.

दुसरी गोष्ट सरासरीची. समजा, पाच मुलांचे बुडालेले दिवस ०, २, ३, ५ आणि १२० आहेत. बेरीज १३०, सरासरी २६. पण सव्वीस दिवस बुडालेले मूल त्या पाचांत एकही नाही. मध्यक काढला तर ३ येतो. म्हणजे सारे आलबेल. दोन्ही गणिते बरोबर, आणि दोन्हींत ते एकशेवीसवाले लेकरू दिसत नाही. अशा वेळी तोडीला गेलेल्या आणि गावात राहिलेल्या मुलांचे दोन वेगळे तक्ते करावेत. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मी ताळेबंद शिकलो, पण बेरीज जुळली म्हणजे हिशेब खरा असतोच असे नाही, हे मला कारकुनीत फॉर्म तपासता तपासता समजले.

विचारण्याची रीतही महत्त्वाची आहे. "पोरीला शाळेत का पाठवत नाही?" असे विचारले तर माय बिचारी ओशाळते, नाहीतर खोटे सांगते. "औंदा तोडीला कोण कोण गेलं होतं? लेकरं कुणाजवळ होती?" असे विचारले तर आपण होऊन सगळे बोलते. उचलीचा आकडा चारचौघांत विचारू नये. कागदावर नाव न लिहिता घराला क्रमांक द्यावा. मुलींनी जोडीने जावे. आणि आजारपणाचे खाजगी प्रश्न मुलांनी विचारूच नयेत; ते काम जाणत्यांचे आहे.

ते काम झाले तेव्हा काय उघडकीस आले हे मायभगिनींना माहीत आहेच. ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात ही कुजबुज जिल्ह्यात जुनी होती. २०१९ साली शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली तेव्हा १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. हजारी सुमारे १६८. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण देशभरात शेकडा ३.२, म्हणजे हजारी ३२ होते. दोन्हींतल्या बायांची वये सारखी नसतील, म्हणून तुलना जपून करावी हे खरे. तरीही एवढा फरक नुसत्या वयाने पडतो असे मला वाटत नाही.

ही सवय मुलांना आताच लागावी असे वाटण्याचे आणखी एक कारण आहे. येणाऱ्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे आणि तीत प्रत्येकाची जात नोंदली जाणार आहे. माणसांची मोजणी फेब्रुवारीत. २०११ सालीही ती ९ ते २८ फेब्रुवारी अशीच झाली होती. फेब्रुवारीत आपली माणसे कुठे असतात? फडात, कोप्यांमध्ये. त्या काळात जो गावी नसतो त्याची मोजणी तो असेल तिथे व्हायची असते. कोपीपर्यंत प्रगणक पोचला नाही तर माणूस ना गावात मोजला, ना फडात.

आकड्यांचे मोल आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. महाराष्ट्रात १९५१ साली बौद्ध होते २,४८७. धम्मदीक्षेनंतर १९६१ साली झाले २७,८९,५०१, आणि २०११ साली ६५,३१,२००. धर्म बौद्ध लिहिला तर सवलत जाईल ही भीती अजून काही घरांत आहे. १९९० च्या दुरुस्तीने केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलतीही बौद्धांना लागू झाल्या आहेत. कोपीत प्रगणक आला आणि घाईत त्याने आपल्याच मनाने रकाना भरला, तर हे सांगायला तिथे कोण असेल?

म्हणून मुलांच्या पाहणीची एक प्रत शाळेत द्यावी आणि एक वस्तीतल्या विहारात ठेवावी. घर क्रमांक, माणसे किती, तोडीला गेलेली किती, कोणत्या जिल्ह्यात, जाण्याचा महिना, परतण्याचा महिना. एवढे सहा रकाने पुरेत. वही साधी शंभर पानी चालेल. रकाने पट्टीने आखावेत आणि कुलूप असलेले घर लाल पेनाने लिहावे, म्हणजे माणसे परतल्यावर तिथे पुन्हा जायचे लक्षात राहील.