तिथे पाहायला आहे काय?

आमच्या जूचंद्रहून एक गाडी नेवाशाला गेली, तिच्यात मीही होतो. प्रवरेकाठी उतरलो तेव्हा दुपार कलली होती. नदी संथ, घाटावर धुणे धुणाऱ्या दोन बाया, बाकी सगळे शांत. मंदिरातल्या खांबाचे दर्शन दहा मिनिटांत उरकले आणि एक तरुण माळकरी मला म्हणाला, "बुवा, एका दगडी खांबासाठी एवढ्या लांब आलो? इथे पाहायला आहे काय?" तेवढ्यात चालकाने गाडीवरचा कर्णा सुरू केला. विठ्ठलाचे नाव, चाल सिनेमाची. पाण्याकाठचे बगळे उडून गेले.

पोराचा मला राग आला नाही. त्याला असे घडवले कोणी? आम्हीच.

नेवासे म्हणजे काय, हे वारकऱ्याला सांगावे लागू नये. याच खांबाला टेकून माउलींनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला, सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला, अशी आपली परंपरा. ग्रंथाच्या शेवटी शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०, असा काळ नोंदलेला आहे. अठरा अध्याय, नऊ हजारांच्या आसपास ओव्या. समोर निवृत्तिनाथ आणि संतसज्जन. कर्णा नव्हता, रोषणाई नव्हती. नवव्या अध्यायाच्या आरंभी माउली श्रोत्यांकडे काय मागतात, आठवा. बिदागी नाही, हारतुरे नाहीत; फक्त अवधान मागतात. अवधानाला शांतता लागते, आणि नेवाशाने ती अजून जपली आहे. आपण आपला गोंगाट घेऊन तिथे जातो आणि वर म्हणतो, इथे काहीच नाही!

कोणी म्हणेल, "बुवा, पोंगे नसतील तर मागच्या आयाबायांना ऐकू कसे जाणार?" मंडपापुरते यंत्र जरूर असावे, माझी ना नाही. पण झाडाला बांधून शेजारच्या गावाकडे तोंड केलेला कर्णा कोणत्या श्रोत्यासाठी असतो? त्या गावात कुणी आजारी असेल, कुणाची परीक्षा असेल. जो ऐकायला आलाच नाही, त्याच्या कानात हरिनाम कोंबणे ही भक्ती नव्हे, दांडगाई आहे. रात्री दहानंतर कर्णे बंद, हा नियम २००० सालापासून आहे. नऊ ते अकराचे कीर्तन असले की पोलिसांची गाडी येईपर्यंत आपण तो पाळत नाही. संतांच्या शब्दाने जे कळायला हवे होते, ते शिपायाच्या काठीने कळावे, ही आपल्याला लाज आहे.

यात मीही दोषी आहे. चाळीस वर्षे कीर्तन केले. यजमानाने दोन कर्णे लावले तर "चार का नाहीत?" असे मीच विचारले आहे. मागच्या रांगेतल्या म्हातारीला अर्थ कळला का, हे मात्र क्वचितच विचारले. आज आवाज गेला, तेव्हा ऐकू येऊ लागले.

आमचे जूचंद्र रांगोळीसाठी नावाजलेले. एका बाजूला चंडिकेचा डोंगर, दुसऱ्या अंगाला मिठागरे आणि खाडी. इथली पोरे एका चेहऱ्यासाठी तासन् तास वाकून बसतात. चिमटीतून रंग सुटताना कुणी मोठ्याने बोलतही नाही, आणि चार दिवसांनी ते चित्र पुसले जाणार हे प्रत्येकाला ठाऊक असते. अवधान म्हणजे काय, ते या पोरांना कळते. मग टाळ घेऊन उभे राहणाऱ्या आपल्याला का कळू नये?

तेव्हा माझे एवढेच मागणे आहे. नेवाशाला जाल तेव्हा वेशीवरच कर्णा बंद करा. खांबापाशी अर्धा तास बसा. नवव्या अध्यायाच्या पन्नास ओव्या हळू आवाजात वाचा, मग घाटावर जाऊन गप्प राहा. त्यानंतरही कुणी विचारले, "इथे पाहायला आहे काय?" तर त्याला माझ्याकडे पाठवा. मी त्याला पुन्हा घेऊन जाईन, आणि वाटेत एक शब्दही बोलणार नाही.

॥ रामकृष्ण हरी ॥