सेविकेच्या श्रमाचें मोल

खेड्यांत अपरात्रीं एखाद्या स्त्रीस वेणा सुरू झाल्या म्हणजे पहिला निरोप आशाताईकडे जातो. २००५ सालच्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतून ही योजना निघाली. सुमारें हजार वस्तीमागें एक सेविका, तीही त्याच गांवची. तिच्या कष्टांविषयीं हळहळ पुष्कळ ऐकूं येते. परंतु तिच्या मनावरील ताणाचें मूळ कष्टांत नसून हिशेबाच्या पद्धतींत आहे, असें आमचें मत आहे.

सरकारदरबारीं ती नोकर नव्हे, स्वयंसेविका होय. योजनेची मांडणीच कामागणिक मोबदल्याची. पुढें कांहीं ठराविक रक्कम मिळूं लागली, तरी मूळ दृष्टि बदलली नाहीं. गर्भवतीस रुग्णालयांत पोंचविलें, बालकास लस टोंचविली, कीं नोंद होते. पण त्याच गर्भवतीच्या घरच्यांची समजूत घालण्यासाठीं चार वेळां उंबरठा झिजविला, दवाखान्याच्या ओसरीवर रात्र बसून काढली, सासूचे बोल ऐकले, याला वहींत रकाना नाहीं. दवाखान्यांत औषध नसलें तरी दोष तिच्याच दारीं येतो. आणि ती तर गांवचीच, काम संपवून जावें कोठें?

२०२० च्या साथींत घरोघर फिरून तिनें रोगी शोधले. २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें भारतांतील आशांचा गौरव केला, तो उचितच होता. पुढल्याच वर्षीं महाराष्ट्रांतील याच स्त्रियांना मानधनासाठीं संप करावा लागला! त्यांना मानधनाऐवजीं वेतन, आठवड्याची हक्काची सुटी व रात्रीच्या कामाची वेगळी नोंद आधीं मिळावी. सत्कारसमारंभ मागाहून करतां येतील.