खंड्याचा जमाखर्च

गणपतीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत एका वहिनींनी विचारलं, "तुमचा खंड्या कितीला पडला हो?" मी म्हटलं, "पावणेचारशे डॉलर." त्या लगेच नवऱ्याकडे वळल्या. "बघ! डूडलवाला साडेतीन हजार सांगतोय. आपण रेस्क्यूमधूनच आणू. स्वस्तात काम." रांग पुढे सरकली, मसालेभात आला आणि माझं पुढचं वाक्य राहून गेलं. ते जरा लांबलचक आहे, म्हणून अंकासाठी लिहून काढते.

रेस्क्यूमधून आणायचं हे वहिनींचं अगदी बरोबर. दक्षिणेकडच्या राज्यांतली शेल्टरं कायम भरलेली असतात आणि तिथली कुत्री व्हॅनमध्ये बसून आपल्याकडे न्यू जर्सीत येतात. खंड्या तसाच जॉर्जियाहून आला. पावणेचारशेत त्याची नसबंदी, रेबीजची लस, मायक्रोचिप आणि प्रवास, सगळं आलं. हेच आपण बाहेर करायला गेलो तर जास्त पैसे जातील. पण ही झाली दारात येईपर्यंतची रक्कम. लग्नाचा खर्च हॉलच्या भाड्यावरून काढावा, तसं झालं हे.

माझ्या वहीतला गेल्या वर्षीचा हिशेब सांगते. खंड्या पंचेचाळीस पौंडांचा. कोरड्या खाण्याची तीस पौंडी गोणी साधारण दीड महिना पुरते. वरचा खाऊ धरून महिन्याला ४० डॉलर. हार्टवर्म, पिसवा आणि गोचिडींसाठीच्या गोळ्या ४५. विमा ४८. आणि अपार्टमेंटचं 'पेट रेंट' ५०, शिवाय सुरुवातीला भरलेले ३०० परत न मिळणारे. (बाबा पुण्याहून आले होते तेव्हा हे ऐकून म्हणाले, "मग याची खोली कुठली?") हे झाले महिन्याचे १८३, म्हणजे वर्षाचे २,२०० धरा. वार्षिक तपासणी, लशी आणि टाऊनशिपचं लायसन्स मिळून ३५०. इथवर कुठल्याही अमेरिकन घराचा हिशेब असाच असेल.

आपला वेगळा होतो तो डिसेंबरात. आपण भारतात जातो ते तीन दिवसांसाठी नव्हे, साडेतीन आठवड्यांसाठी. चोवीस रात्री, रात्रीचे साठ डॉलर, म्हणजे १,४४० डॉलर. शेजारच्या गोऱ्या कुटुंबाला हा आकडा कधी दिसत नाही. ते थँक्सगिव्हिंगला पेनसिल्व्हेनियात आईकडे जातात आणि कुत्रा मागच्या सीटवर असतो. आमची वर्षाची बेरीज गेली चार हजारांच्या घरात, आणि त्यातला एक तृतीयांशाहून अधिक पैसा खंड्या आमच्याजवळ नसताना खर्च झाला. दत्तक घेतानाचे पावणेचारशे या बेरजेचा दहावा हिस्साही नाहीत.

"मग घेऊन जा ना मुंबईला," असंही कोणी सुचवतं. जाता येतं. भारतात उतरताना प्राणी क्वारंटाइन विभागाची एनओसी लागते. परतताना अमेरिकेचे १ ऑगस्ट २०२४ पासूनचे नियम: कुत्रा किमान सहा महिन्यांचा, मायक्रोचिप हवी, सीडीसीचा फॉर्म हवा. शिवाय भारत रेबीजचा मोठा धोका असलेल्या देशांच्या यादीत असल्यामुळे, इथे लस घेतलेल्या कुत्र्याचं प्रमाणपत्र निघण्यापूर्वीच सरकारी शिक्क्यासह करून ठेवावं लागतं. वर पिंजरा, कार्गोचं भाडं आणि वीस तास अंधारात बसलेला कुत्रा. कायमचं परत जाणाऱ्यांनी हे जरूर करावं. मावसबहिणीच्या लग्नासाठी नको.

आता बेदाण्यांची गोष्ट. आमच्याकडे सत्यनारायण होता. कोणाच्या तरी लेकराने प्रसादाची वाटी खालच्या टेबलावर ठेवली आणि खंड्याने ती चाटूनपुसून साफ केली. कोणी तरी हसून म्हणालं, "प्रसादच आहे, खाऊ दे की." मला मात्र आठवलं की द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना बाधतात, आणि किती खाल्ल्याने बाधतील याचा नेम नाही. एखाद्याला काहीच होत नाही, एखादा मूठभरात जातो. विषबाधेच्या हेल्पलाइनला फोन केला. त्याचीही फी असते. पलीकडून प्रश्न आला, बेदाणे किती होते? मी सोवळ्यातच उभी राहून गणित करतेय: एक किलो रव्याला दोन मुठी, वाटीत आलेले किती, आणि त्याआधी याने पाहुण्यांच्या हातचे खाल्लेले किती?

इमर्जन्सीत खंड्याला आत घेण्याआधी एक कागद पुढे आला. त्यावर दोन आकडे होते, १,४०० आणि २,१००. खर्च या दोन्हींच्या मधे कुठेतरी होईल, सही करा, डिपॉझिट भरा. उलटी करवली, दोन रात्री सलाइन लावलं, दोनदा रक्त तपासलं. मूत्रपिंडं ठीक निघाली. बिल १,९०० डॉलर. विम्याने ५०० चं डिडक्टिबल वजा करून उरलेल्याचे ऐंशी टक्के दिले, म्हणजे १,१२०. पण दिले तीन आठवड्यांनी. त्या रात्री क्रेडिट कार्ड आमचंच घासलं गेलं. विमा आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांना हे कळत नाही, की विमा पैसे परत देतो. आधी भरण्याची ऐपत आपलीच लागते. आणि पॉलिसी घेण्याआधीचं दुखणं त्यात धरत नाहीत, म्हणून 'बघू पुढच्या वर्षी' म्हणण्यात अर्थ नसतो.

ज्याच्याकडे त्या रात्री ते पैसे नसतात त्याचं काय होतं, तेही सांगते. बरा होण्यासारखा कुत्रा केवळ पैशाअभावी इंजेक्शन देऊन संपवावा लागतो. इथल्या व्हेट मंडळींत त्याला 'इकॉनॉमिक युथनेशिया' असं नाव आहे. नाव पडलंय म्हणजे ते विरळा नाही, एवढं तर कोणालाही कळेल. म्हणून माझा हट्ट आहे की आधी दोन हजार बाजूला काढा, मग कुत्रा आणा. पट्टा, गादी, नावाचा बिल्ला या गोष्टी नंतरच्या.

पैसे वाचवायचेच असतील तर जागा आहेत. रेबीजची लस बऱ्याच टाऊनशिप फुकट कॅम्प लावून देतात. फायर हाऊसच्या आवारात रांगेत उभं राहायची लाज वाटू देऊ नका. व्हेटकडून प्रिस्क्रिप्शन लिहून घेऊन औषधं कॉस्टकोच्या फार्मसीतून आणता येतात. नखं घरी कापता येतात. पिल्लू आणूच नका: त्याला सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी लशी, वर कुरतडलेली कोल्हापुरी. चार-पाच वर्षांचा शहाणा कुत्रा आणा. मोठ्या वयाच्या कुत्र्यांची फी पुष्कळ शेल्टरांत कमीच असते.

पण हार्टवर्मची गोळी चुकवू नका. डास चावल्यावर हे जंत शिरतात आणि हृदयाशी, फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत फूटभरापर्यंत वाढतात. मग उपचार म्हणजे पाठीच्या स्नायूत खोलवर आर्सेनिकयुक्त औषधाची इंजेक्शनं आणि कित्येक महिने सक्तीची विश्रांती. महिन्याचे वीस-पंचवीस डॉलर वाचवून हजारांचं आमंत्रण देणारे लोक मी पाहिले आहेत, आणि हेच लोक कुत्र्याच्या वाढदिवसाला खास केक मागवतात.

एक आक्षेप मला दर वेळी ऐकू येतो, विशेषतः काकामंडळींकडून: "आमच्या वाड्यात कुत्रा शिळ्या पोळीवर जगायचा. कसला विमा आणि कसलं काय!" जगायचा खरा. किती वर्षं जगायचा, ते कोणी मोजलं नव्हतं. पण काकांच्या बोलण्यातली एक गोष्ट मला पटते. त्या कुत्र्याला पोळी एका घरातून मिळायची, दूध दुसऱ्या घरातून, पावसात जिन्याखालची जागा तिसऱ्याची, आणि वाड्यातलं एखादं बिऱ्हाड गावाला गेलं तर त्याला पत्ताही लागायचा नाही. त्याचा खर्च सगळा वाडा वाटून घ्यायचा. आपण इथे आलो तेव्हा कुत्रा पाळण्याची हौस बरोबर आणली, वाडा मात्र तिथेच राहिला. मग वाड्याचं काम साठ डॉलर रात्र या दराने विकत घ्यावं लागतं.

म्हणून 'परवडत नसेल तर पाळू नये' हे मला मान्य नाही. नव्याने आलेलं, एका पगारावरचं, अपार्टमेंटमधलं जोडपंही कुत्रा नीट पाळू शकतं. महिन्याचे दोनशे डॉलर सुटत असतील आणि अडीअडचणीचे दोन हजार शिल्लक असतील तर उरतो तो भारतवारीचा खर्च, आणि तो मंडळातल्या मंडळात मिटू शकतो. दर वर्षी जावंच लागणाऱ्यांनी आधी फॉस्टरिंग करून पाहावं. कुत्रा काही आठवडे किंवा महिने आपल्याकडे राहतो, व्हेटचा खर्च सहसा रेस्क्यू करतं, आणि मुलांची 'मी रोज फिरवेन' ही शपथ किती दिवस टिकते तेही कळतं. आमच्याकडे नऊ दिवस टिकली. त्यानंतर सहा महिने आईने फिरवलं, ती व्हिजिटर व्हिसावर आली होती.

आपल्या मंडळाकडे दिवाळी अंकाची समिती आहे, ढोल-ताशा पथकाची आहे, पार्किंगचीसुद्धा आहे. डिसेंबरात कोण जाणार, कोण राहणार, याची एक यादी करायला काय हरकत आहे? या वर्षी तुमचा कुत्रा माझ्याकडे, पुढच्या वर्षी माझा तुमच्याकडे. लशींचे कागद, व्हेटचा नंबर आणि खाण्याची गोणी बरोबर द्यायची, इतकेच नियम.

यंदा आम्ही भारतात जात नाही. १२ डिसेंबर ते ४ जानेवारी आमच्याकडे एका कुत्र्याची जागा आहे. अपार्टमेंटच्या ऑफिसला विचारून ठेवलंय. पन्नास पौंडांच्या आतला असावा. ज्यांना हवी असेल त्यांनी कार्यकारिणीकडे नाव द्यावं. मांजर मात्र नको, खंड्याला चालत नाही.