सुवर्णपदकाआधीची रक्ततपासणी

लंडन ऑलिम्पिकमध्ये ६ ऑगस्ट २०१२ रोजी महिलांच्या पोल व्हॉल्टची अंतिम फेरी झाली. अमेरिकेची जेनिफर सुहर आणि क्युबाची यारिस्ले सिल्वा या दोघींनीही ४.७५ मीटर उंची पार केली. कमी फसलेल्या प्रयत्नांच्या निकषावर सुवर्ण सुहरला मिळाले. त्याआधी सलग दोन ऑलिम्पिक जिंकलेली रशियाची येलेना इसिनबायेवा ४.७० मीटरवर थांबली आणि तिला कांस्यपदक मिळाले. मात्र सुहरच्या कारकिर्दीतली आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची घटना मैदानावर घडलेलीच नाही. ती घडली आदल्या वर्षी, २०११ मध्ये. तिला सीलिअ‍ॅक आजार असल्याचे निदान त्या वर्षी झाले.

न्यूयॉर्क राज्यातल्या फ्रेडोनिया या लहान गावची सुहर मुळात बास्केटबॉलपटू. पोल व्हॉल्टचा पोल तिने हाती घेतला तो वयाच्या बाविसाव्या वर्षी. इतर खेळाडू ज्या वयात राष्ट्रीय संघात पोहोचलेले असतात, त्या वयात तिने सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, अमेरिकेचे इनडोअर विजेतेपद पटकावले. २००८ मध्ये बीजिंगला तिने ४.८० मीटरसह रौप्यपदक मिळवले. गुणवत्ता होती, मेहनतही होती. तरीही मधल्या काळात पायात गोळे येणे आणि न संपणारा थकवा तिचा पिच्छा सोडत नव्हता.

या खेळात थकवा किती महाग पडतो, हे साध्या हिशेबाने कळते. पोल व्हॉल्ट म्हणजे धावण्याच्या वेगाचे उंचीत रूपांतर. धावपट्टीच्या शेवटी अव्वल महिला खेळाडूचा वेग ताशी तीस किलोमीटरच्या आसपास असतो. ती ऊर्जा वाकलेल्या पोलमध्ये साठते आणि पोल सरळ होताना खेळाडूला वर फेकते. गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे वेग पाच टक्क्यांनी घटला तर ऊर्जा जवळपास दहा टक्क्यांनी घटते. कागदावर मांडले तर उंचीत तीसेक सेंटिमीटरचा फटका बसतो. लंडनला सुवर्ण आणि कांस्य यांच्यात अंतर होते ते अवघ्या पाच सेंटिमीटरचे.

सीलिअ‍ॅक ही गव्हाची साधी अ‍ॅलर्जी नव्हे आणि ‘पोटाला पोळी जड जाते’ अशी तक्रारही नव्हे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाची प्रथिने असतात. काही विशिष्ट जनुके असलेल्या काही जणांमध्ये ग्लुटेन आतड्यात पोहोचताच शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला चढवते. आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात आणि अन्नरस शोषण्याचे काम ते करतात. या हल्ल्यात ते झिजून सपाट होतात. मग ताटात सगळे असूनही लोह, फॉलिक अ‍ॅसिड, कॅल्शियम, ‘ड’ जीवनसत्त्व अंगी लागत नाही. जुलाब आणि पोटफुगी ही नेहमीची लक्षणे. पण अनेकांना पोटाचा त्रास जवळजवळ नसतो. त्यांच्यात दिसतात रक्तक्षय, थकवा, हाडांचा ठिसूळपणा, मुलांमध्ये खुंटलेली उंची.

निदान उशिरा होते ते याचमुळे. थकवा दिसत नाही, मोजता येत नाही आणि त्याला कारण चिकटवणे फार सोपे असते. खेळाडू असेल तर सराव जास्त झाला, विद्यार्थिनी असेल तर जागरण, गृहिणी असेल तर ‘मनाचे आहे’. महिनोन् महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर ‘गोळ्या नीट घेत नसशील’ हा शेरा ठरलेला. अशा वेळी खरा प्रश्न वेगळा असतो: गोळी पोटात जाते, पण पुढे रक्तात पोहोचते का? तो विचारायला हवा. सुहरच्या कारकिर्दीचा सामान्य माणसाला काही उपयोग असेल तर तो हा की, न हटणाऱ्या थकव्याला उपदेश नको, निदान हवे.

याच कथेचा चुकीचा अर्थही सहज निघतो. ऑलिम्पिक विजेती गहू खात नाही, म्हणून आपणही सोडावा, असा. ‘ग्लुटेन-फ्री’ची पाकिटे महागड्या दुकानांत याच समजावर खपतात. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१५ मध्ये सीलिअ‍ॅक नसलेल्या १३ सायकलपटूंवर याची चाचणी घेतली. प्रत्येकाला एक आठवडा ग्लुटेनयुक्त आणि एक आठवडा ग्लुटेनविरहित आहार दिला. कामगिरीत फरक पडला नाही, पोटाच्या तक्रारींतही नाही. अभ्यास लहान आहे, पण निरोगी माणसाने गहू सोडल्याने बळ वाढते, या दाव्याला तो आधार देत नाही.

शिवाय परस्पर गहू सोडण्यात एक मोठा धोका आहे. सीलिअ‍ॅकसाठी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी आणि गरज पडल्यास दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा घेऊन तपासणी केली जाते. या दोन्ही तपासण्या आहारात गहू सुरू असतानाच खरे उत्तर देतात. आधी पोळी बंद केली की रक्तातील खुणा पुसट होतात, आतडे सुधारू लागते आणि अहवाल नकारार्थी येऊ शकतो. आजार असूनही तो नाही असे मानले जाते. म्हणून क्रम स्पष्ट हवा: आधी तपासणी, मग पथ्य.

हा आजार भारतात नवखा नाही. गहू हे मुख्य अन्न असलेल्या उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला तो आढळतो, दक्षिणेत त्याचे प्रमाण बरेच कमी आहे. रुग्णाच्या सख्ख्या नातेवाइकांत शक्यता वाढते, म्हणून त्यांचीही तपासणी करावी लागते. पथ्य मात्र जन्मभराचे आणि काटेकोर. मराठी घराला यात एक सोय आहे: ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी आणि तांदूळ यांत ग्लुटेन नसते. अडचण गिरणीत येते. गहू दळून झाल्यावर त्याच जात्यात ज्वारी टाकली की पिठात गहू आलाच. बाजारातल्या बऱ्याच हिंगातही गव्हाचे पीठ मिसळलेले असते. ‘एखाद्या दिवशी चालते’ हा पाहुणचाराचा आग्रह या रुग्णांसाठी आपुलकीचा राहत नाही.

पथ्याने सुहर अजिंक्य झाली असे नाही. मार्च २०१३ मध्ये तिने ५.०२ मीटरचा आणि जानेवारी २०१६ मध्ये, चौतिशीच्या उंबरठ्यावर, ५.०३ मीटरचा इनडोअर विश्वविक्रम केला. त्याच वर्षी रिओत ऐन वेळी आजारी पडल्याने तिला सातव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. योग्य निदानाने पदकाची हमी मिळत नाही. ते फक्त मेहनत वाया जाण्याचे एक कारण दूर करते. शाळेच्या मैदानावर धाप लागून मागे पडणाऱ्या मुलीला आणि गोळ्या घेऊनही फिकटच राहणाऱ्या तिच्या आईला तेवढी संधी द्यायला एक रक्ततपासणी पुरते. ती लिहून देण्याआधी त्यांना आळशी ठरवण्याची घाई नको.