गोधडीतली अक्कल

दिवाळी अंकात गोधडी आली की तिच्यामागून माया येतेच. आजी येते, तिचे सुरकुतलेले हात येतात, थंडीची रात्र येते आणि शेवटी ऊब येते. मी स्वतःच्या एका कादंबरीत असलीच गोधडी वाचकांच्या अंगावर घातली आहे. तेव्हा पहिला दगड मलाच बसू द्या. पण आता पुरे झाले. गोधडीत माया असते हे मी शंभरदा वाचले. गोधडीत अक्कल असते, असे लिहिलेले माझ्या वाचनात नाही. माझे भांडण आहे ते एवढ्यासाठी.

उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्ध्याला चार दिवसांचे एक गोधडी-शिबिर झाले. हात-दीड हाताच्या लहान गोधड्या शिवायच्या, आणि त्याही नमुन्यावाचून. पट्टी नाही, खडू नाही, कागदावरची आकृती नाही. चिंध्यांच्या ढिगातून तीन तुकडे उचलायचे, जोडायचे, आणि झाले त्याकडे नीट बघून चौथा शोधायचा. आकार लहान ठेवण्यात शहाणपण होते. मोठी वाकळ शिवायची म्हणजे दिवसच्या दिवस जातात; तिथे चूक परवडत नाही, म्हणून धाडसही परवडत नाही. लहान गोधडी बिघडली तर बसायला घ्यावी.

गंमत अशी की शिकलेल्या होत्या त्या साऱ्या अडल्या. "मॅडम, पिवळ्याशेजारी कोणता लावू?" हा प्रश्न दर पाच मिनिटांनी कुठून तरी येई. मी मॅट्रिकच; पण अडण्यापुरते शिक्षण माझेही झालेले आहे! माझ्या शेजारी देवळीकडच्या एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. त्यांनी कोणाला काही विचारले नाही.

त्यांनी काय केले ते सांगते. जुने लुगडे त्यांनी प्रथम उजेडाकडे धरले. जिथून उजेड आरपार आला तो भाग आतल्या थराला गेला. काठ आणि पदर हे टिकाऊ, म्हणून ते बाहेर. शिंप्याकडून आणलेल्या नव्या कापडाच्या कातरणी त्यांनी आधी पाण्यात बुडवून वाळवल्या, कारण जुने कापड आटून चुकलेले असते आणि नवे पहिल्या धुण्याला आटते. दोन्ही तशीच जोडली तर गोधडीला चुण्या पडतात. नायलॉनचा तुकडा बोटांत चोळून बाजूला टाकला. तिरपे कापलेले कापड ताणते, म्हणून त्याला मधे जागा दिली. मग धावदोरा घालू लागल्या, बाहेरून आत. माझी गोधडी उलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "बाई, हा तिरका तुकडा काठाले आला तुमचा. धुतल्यावर वाकडा होते."

तुम्हाला हे कसे कळते, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "कपडा सांगते तसं करा लागते, माय."

आता हे वाक्य ऐकून कोणी तरी कविता करील. करू नये. कापड काही सांगत नाही. बोलते ते जन्मभर कापडावर ठेवलेले लक्ष. ते लक्ष त्या कापडाच्या नावावर जमा करतात हा त्यांचा विनय झाला; आपण तो हिशेब तसाच खरा धरतो, ही लबाडी झाली.

समारोपाला पाहुणे आले. ते वीस मिनिटे मायेवर बोलले. विक्रीच्या टेबलावर शिकवणाऱ्या बाईंची गोधडी होती, तिच्यावर त्यांचे नाव होते. म्हातारीच्या गोधडीवर चिठ्ठी होती: 'आजीच्या मायेची ऊब'. नाव नाही, आणि किंमत शेजारच्या गोधडीच्या निम्मी. सुताराने बंडीचे चाक केले तर त्यात बैलांविषयीची माया आहे, असे कोणी म्हणत नाही. त्याची मजुरी देतात. मायेला दर नसतो. म्हणून तर ती बायकांच्या कामाला इतकी सढळ हाताने लावली जाते.

कापसाच्या मुलखातलीच दुसरी एक गोष्ट. अमेरिकेत अलाबामा राज्यात, नदीच्या वळणावर, जीज बेंड नावाची वस्ती आहे. १८६१ ते १८६५ च्या यादवीत तिकडचा कापूस अडला तेव्हा लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांना आमच्या हिंगणघाटच्या कापसाची आठवण झाली होती, एवढे आपले नाते! तिथल्या, गुलामांच्या वंशातल्या कृष्णवर्णीय बायका शेतात घालून झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या पिढ्यान्‌पिढ्या शिवत आल्या, त्याही बहुधा मनाने, नमुन्यावाचून. २००२ साली त्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या, करणारणीच्या नावासह. २००६ मध्ये टपालाच्या तिकिटांवर आल्या. त्या बायकांना माया नव्हती काय? होती, पण तिकीट काढले ते गोधडीचे.

आणि हे वर्ध्याला सांगावे लागावे! १९३७ च्या ऑक्टोबरात याच गावी शिक्षण परिषद भरली आणि नई तालीम जन्माला आली. हस्तोद्योग यंत्रासारखा शिकवू नका, प्रत्येक क्रियेचे कारण मुलाला कळू द्या, हा गांधीजींचा आग्रह होता. हाताला डोके असते, हेच त्यात गृहीत धरलेले होते.

मी मात्र वर्षानुवर्षे हस्तव्यवसायाच्या तासाला फळ्यावर नमुना काढून दिला आणि त्याबरहुकूम न करणाऱ्या मुलांचे गुण कापले. एका मुलीने रुमालाच्या चारी कोपऱ्यांना चार वेगळी फुले काढली होती. तिला मी दहापैकी चार दिले. तिने कारण विचारले नाही, मीही तिला विचारले नाही.

त्या चिठ्ठीबद्दल मी शिबिर भरवणाऱ्यांशी बोलले. "अहो, नावाने गोधडी विकली जात नाही, भावनेने विकली जाते," असे मला समजावण्यात आले. तर मग भावना शेजारच्या गोधडीलाही लावा आणि दोघींची किंमत सारखी करा, असे मी म्हणाले. त्यावर चहा आला. मी चिठ्ठी उलटी केली, मागच्या कोऱ्या बाजूवर त्या बाईंचे नाव, गाव आणि 'नऊवारी लुगडे, शिंप्याची कातरण, धावदोरा' एवढे लिहिले आणि पुन्हा टाचली. किंमत बदलण्याचा अधिकार मला नव्हता. बाईंनी नाव माझ्याकडून दोनदा वाचून घेतले, आणि गोधडी विकायची नाही म्हणून पिशवीत घालून घरी नेली.