पैठणीला कात्री लावताना
दिवाळी तोंडावर आली, की आमच्याकडे जुनी ट्रंक उघडते. यंदा नात म्हणाली, "आजी, ही पैठणी कुणी नेसतच नाही. माझा घागरा शिवू या ना हिचा!" पोटात गोळाच आला. सासूबाईंची नऊवारी ती, वांगी रंगाची, नारळी काठाची.

रात्री उलगडली, तर रेशीम घड्यांवर चिरलेले. वर्षानुवर्षे तीच घडी राहिली की रेशीम तिथेच विरते. घड्या बदलायला हव्यात हे ठाऊक असूनही मी आळस केला. पदरावरचे मोर मात्र शाबूत. येवल्या-पैठणच्या मागावर रंगारंगाचे धागे एकमेकांत अडकवून विणलेले, म्हणून उलट-सुलट सारखेच.

धडधाकट पैठणी फॅशनपायी फाडणे मला आजही पटत नाही, ती नेसावीच. पण विरलेलीचे काय करायचे? आमच्या शिंप्याने बरोबर सांगितले, "आजी, जुने रेशीम घेराचा भार सोसणार नाही." मग घागरा नव्या खणाचा केला, आणि पैठणीच्या चांगल्या भागातून मलमलीचे अस्तर लावून फक्त पोलके. काठ बाह्यांना. खणाला आपली चमक असते, त्यावर टिकल्या कशाला? (नातीला हव्या होत्या. थोडी रुसली.)

पदराला कात्री लावू दिली नाही. तो मलमलीत घेऊन नळीवर गुंडाळून ठेवलाय. यंदा घडी नाही.