दुष्काळ साहसाचा कीं कानांचा?

मराठींत सागरप्रवासाचें वाङ्मय नाहीं, आणि तें नाहीं याचें कारण मराठी माणसाच्या अंगीं साहस नाहीं, असा सिद्धांत आमचे टीकाकार वारंवार मांडीत असतात. गेल्या शतकाआधींच्या इंग्रजांनीं दक्षिण समुद्रांत देवमाशांच्या शिकारीसाठीं केलेल्या सफरींचीं वर्णनें वाचलीं म्हणजे तर त्यांना विशेषच स्फुरण चढतें. ‘पाहा ते, आणि पाहा आम्ही!’ असा एकंदर सूर असतो. नंदुरबारसारख्या, समुद्रापासून दूर असलेल्या गांवीं आम्हीं आयुष्यभर इंग्रजी वाङ्मय शिकविलें. तींच पुस्तकें आम्हींही वाचलीं आहेत. आणि तीं वाचूनच हा सिद्धांत आम्हांला निखालस चुकीचा वाटतो.

प्रथम त्या सफरींचेंच स्वरूप पाहूं. त्या केवळ साहसाच्या हौसेनें निघाल्या नव्हत्या. १७८६ च्या कायद्यानें पार्लमेंटनें या धंद्यास बक्षिसें ठेविलीं. १७८८ सालीं एंडरबी पेढीचें ‘एमिलिया’ जहाज केप हॉर्नला वळसा घालण्यासाठीं निघालें, आणि पुढें पॅसिफिक महासागरांत तीनतीन वर्षांच्या सफरी होऊं लागल्या. जहाजावरच भट्ट्या पेटवून चरबी कढवावी, तेल पिंपांत भरावें, पिंपें भरेपर्यंत घराचें नांव काढूं नये, असा तो क्रम होता. त्या तेलावर दिवे जळत. लँकेशायरच्या गिरण्यांतील चात्यांनाही तें घालीत. आणि अमेरिकेंतील यादवीच्या काळांत, १८६१ ते १८६५ मध्यें, आमच्या खानदेशचा कापूस त्याच लँकेशायरला गेला. हा सारा व्यापार होता. त्यांतील खलाशी शूर होता हें खरें. पण तो पोटासाठीं शूर होता.

मग त्या व्यापारांतून वाङ्मय कसें निपजलें? टॉमस बील हा १८३० ते १८३३ या काळांत ‘केंट’ व ‘सेरा अँड एलिझाबेथ’ या जहाजांवर डॉक्टर होता. फ्रेडरिक बेनेट हाही डॉक्टरच. तो १८३३ ते १८३६ पर्यंत ‘टस्कन’ जहाजावर होता. बीलचा ग्रंथ १८३९ सालीं आणि बेनेटचा १८४० सालीं निघाला. अक्राळविक्राळ म्हणून ख्याती पावलेला हा प्राणी स्वभावानें भित्रा आहे, असें बीलनें स्वतः पाहून लिहिलें. १८५१ च्या ‘मोबी डिक’साठीं मेल्व्हिलनें त्याचाच आधार घेतला. भाला फेंकणाऱ्या बहुतेक खलाशांनीं एक ओळही लिहिली नाहीं. त्यांच्या शेजारीं टिपण ठेवणारा एक सुशिक्षित गृहस्थ उभा होता, एवढ्यामुळें हें वाङ्मय झालें.

आमच्याकडे उणीव आहे ती या गृहस्थाची. समुद्रगमनाचा धर्मशास्त्रानें निषेध केला होता, ही सबब येथें पुढें करण्यांत येते. तो निषेध मानिला कोणीं? लिहिणाऱ्या वर्गानें. कोळी, भंडारी, गाबीत, खारवी यांनीं तो कधीं मनावर घेतला नाहीं. कान्होजी आंग्र्यांचीं गलबतें आणि गुराबा यांना पोथींतील वचनांनीं चालविलें नाहीं. पुढें इंग्रजांच्या आगबोटींवर रत्नागिरीकडील खलाशी जगभर हिंडले. ते परत आल्यावर त्यांच्या ओसरीवर कोणता पदवीधर वही घेऊन बसला?

विचारलें असतें तर मिळालें असतें, याला पुरावा आहे. विष्णुभट गोडसे हे वरसईचे एक गरीब भिक्षुक; १८५७ च्या धामधुमींत सांपडले. चिंतामणराव वैद्यांनीं आग्रह केला म्हणून त्यांनीं आपली हकीकत लिहून काढली, आणि ‘माझा प्रवास’ १९०७ सालीं छापला गेला. वैद्य भेटले नसते, तर मराठी माणसास प्रवासवर्णन लिहितां येत नाहीं याचें गोडसे हें आणखी एक उदाहरण ठरले असते!

आतां हा आरोप आम्ही स्वतःवरही करतों, कारण तो टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. आमच्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते. सरदार सरोवरामुळें महाराष्ट्रांतील ३३ गांवें बाधित झालीं. मणिबेलीसारखीं गांवें आमच्याच अक्कलकुव्याचीं. जेथें डोंगरउतारावर शेतें होतीं तेथें पाणी पसरलें, आणि भिल्ल व पावरा कुटुंबांना शेजारच्या पाड्यास जाण्यासाठीं होडींत बसावें लागलें. या बदलाविषयीं अहवाल झाले, निवाडे झाले, आंदोलनाचें लेखनही झालें. परंतु वल्हें हातीं घेणाऱ्या त्या पहिल्या पिढीकडे, नवें पाणी कसें ओळखलें, वारा सुटल्यावर काय केलें, बुडालेल्या शिवाराच्या खुणा कशा लक्षांत ठेविल्या, हें विचारायला आम्ही प्राध्यापक मंडळी किती वेळां गेलों? आम्ही तर त्या वेळीं वर्गांत बसून केप हॉर्नचीं वादळें समजावून देत होतों.

तेव्हां साहसाच्या अभावाचा हा बोभाटा आतां पुरे करावा. ज्याला खरोखर सागराचें, नदीचें वाङ्मय हवें असेल त्यानें भिल्ली किंवा पावरी ऐकूं यावी इतकी तरी शिकावी आणि धडगांवची वाट धरावी. तीं माणसें अजून आहेत. पण म्हातारीं होत चाललीं आहेत.